तालुके आठवताना नेमकं कुठे अडतं?

बुलढाणा जिल्ह्याचे 13 तालुके कुणालाही विचारा. मग दुसऱ्या कुणाला आधी सहा नावं आयती द्या: बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर, शेगाव, लोणार. आता उरलेली सातच! वाटतं, त्याचं काम सोपं झालं. पण मोताळा, संग्रामपूर अशी नावं त्यालाच जास्त अडण्याची शक्यता असते.

1968 मध्ये नॉर्मन स्लॅमेका यांनी शब्दांच्या यादीवर हे तपासलं. यादीतले काही शब्द मदत म्हणून मिळालेल्यांना उरलेले शब्द कमी आठवले, मदत न मिळालेल्यांना जास्त. मला तर हा स्मृतिशास्त्रातला सगळ्यात भारी निष्कर्ष वाटतो!

एक कारण असं, की समोर आलेले शब्दच मनात परत परत वर येतात अन् बाकीच्यांची वाट अडवतात. दुसरं, आपला आठवण्याचा क्रम मोडतो. रेल्वेच्या मार्गाने मलकापूर, नांदुरा, शेगाव असं जाणाऱ्याला मधूनच 'मेहकर' ऐकवलं, की तो भरकटतो.

शब्द ओळखताना मात्र उलटं घडतं. 'नर्स' वाचल्यावर 'डॉक्टर' लवकर ओळखता येतो, हे मेयर आणि श्वानेवेल्ट यांनी 1971 मध्ये दाखवलं.

स्पर्धा परीक्षेवाल्यांनो, उजळणी करताना अर्धी यादी बघून उरलेली आठवू नका. कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहा.