चौथ्या मात्रेवरचा हॅल ब्लेन

रॉनेट्सचं 'बी माय बेबी' हे १९६३ सालचं गाणं सुरूच होतं ड्रमवर. बूम, ब-बूम, चाक! पहिल्या मात्रेला बेस ड्रम, दुसरी सरता सरता पुन्हा, लगेच तिसरीला, आणि चौथीवर स्नेअरचा कडाका. कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून त्या चौथ्या मात्रेपाशी माझ्या अंगावर काटा येतो. रॉकमध्ये याहून देखणी सुरुवात झालेली नाही, असं माझं ठाम मत आहे. वाजवणारा हॅल ब्लेन. तबकडीवर त्याचं नाव नव्हतं.

ब्लेन सांगायचा की दुसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही मात्रांवर स्नेअर वाजवायचा होता. दुसरीला काठी हातातून निसटली, म्हणून त्याने चौथी तेवढी मारली. आणि पुढच्या आवर्तनात तेच जाणूनबुजून केलं, म्हणजे चूक वाटायला नको! लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत, निर्माता फिल स्पेक्टरच्या देखरेखीखाली हे घडलं. बीच बॉइजचा ब्रायन विल्सन या गाण्याने आयुष्यभर झपाटलेला होता, आणि मार्टिन स्कॉर्सेसीने १९७३मध्ये 'मीन स्ट्रीट्स' या चित्रपटाची सुरुवात याच ठेक्यावर केली.

बँडच्या नावाने निघणाऱ्या गाण्यांत ब्लेनसारखे बाहेरचे वादक का लागायचे, याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. स्टुडिओचा वेळ महाग. युनियनच्या नियमाने ध्वनिमुद्रणाचं सेशन तीन तासांचं, आणि कंपनीला तेवढ्यात तीन-चार गाणी हवी असत. नवख्या पोरांना दिवसभर घोटवण्यापेक्षा कागद पुढे ठेवताच वाजवणारे सराईत वादक परवडत. कव्हरवर फोटो मात्र बँडचा.

बर्ड्सच्या 'मिस्टर टँबुरीन मॅन'चंच बघा. १९६५च्या त्या गाण्यात वाद्य वाजवणारा बँडमधला एकटाच, गिटारवरचा रॉजर मॅकग्विन. ड्रमवर ब्लेन. बँडचा ड्रमर मायकल क्लार्क कव्हरवर दिमाखात उभा आहे!

मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी १९२९मध्ये जन्मलेल्या या माणसाचे ड्रम सुमारे चाळीस अव्वल क्रमांकाच्या गाण्यांत आहेत. १९६६ ते १९७१, सलग सहा वर्षं 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी ज्या गाण्याला मिळालं, त्यात ड्रमवर हाच. काम झालं की स्वरलिपीच्या कागदावर तो स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का उमटवायचा. मला या शिक्क्याचं फार अप्रूप आहे. कंपनी नाव छापत नाही ना, मग आपणच छापावं!

सायमन आणि गारफंकलच्या 'द बॉक्सर'मधला (१९६९) तो तोफेसारखा आवाज आठवतो? न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या इमारतीत ब्लेनचे ड्रम लिफ्टच्या दारापाशी मांडले होते, कारण ध्वनिमुद्रक रॉय हॅलीला त्या पोकळीतला घुमारा हवा होता. ब्लेनने दणका दिला आणि नेमकं तेव्हाच लिफ्टचं दार उघडलं. आतला पहारेकरी दचकून पार हादरला. ही हकिगत ऐकल्यापासून मी ते गाणं हेडफोन लावूनच ऐकतो.

चोरबाजारात जुन्या तबकड्या चाळताना माझा हात आता आधी कव्हरच्या मागच्या बाजूकडे जातो. हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवरही संगीतकार, गायक, गीतकार. मारुतीराव कीर, केर्सी आणि बुजी लॉर्ड, फ्रँको वाझ हे वादक शोधावे लागतात. सन २०००मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी वेगळा विभाग उघडला, आणि पहिल्याच यादीत ब्लेन आणि थोर ड्रमर अर्ल पामर ही नावं आली. खूप उशीर झाला होता, तरी मला मनापासून आनंद झाला. ब्लेन २०१९मध्ये, नव्वदाव्या वर्षी गेला.

ड्रमरच्या अशाच अदलाबदलीचा लंडनचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बीटल्सचं 'लव्ह मी डू' ४ सप्टेंबर १९६२ला रिंगो स्टारच्या ड्रमवर मुद्रित झालं. ते निर्माता जॉर्ज मार्टिनच्या चमूला पटलं नाही, म्हणून ११ तारखेला स्कॉटलंडचा सेशन ड्रमर अँडी व्हाइट आला आणि रिंगोच्या हाती टँबुरीन दिली गेली. सुरुवातीची सिंगल निघाली ती रिंगोच्या ड्रमची, 'प्लीज प्लीज मी' अल्बमवर गेली ती व्हाइटची. तुमच्या घरी कुठली आहे, ते कानाने सहज ओळखता येतं: टँबुरीन वाजत असेल, तर ड्रमवर अँडी व्हाइट आहे.