एजंटला क्विंटल कोण सांगणार?

अकलूजच्या डाळिंबाचा भाव मामांनी माझ्या एजंटला विचारला, तर म्हणे ९,००० रुपये किलो! मामा म्हणाले, "मग आता बंगलाच बांधतो."

चूक माझीच. डेटा डॉट गव्ह डॉट इनच्या बाजारभाव एपीआयमध्ये किमान, कमाल आणि मोडल किंमत येते, पण क्विंटलला. टूलच्या वर्णनात मी नुसतं 'भाव देतं' लिहिलेलं. एजंटला आतला कोड दिसत नाही, वर्णनच दिसतं ना! आता लिहिलंय: 'रुपये प्रति क्विंटल, किलोसाठी १०० ने भागा. मोडल म्हणजे सरासरी नव्हे, सर्वसाधारण दर. नोंद नसेल तर अंदाज सांगू नको.'

तपासायला मामांचेच २० प्रश्न घेतले. उत्तराआधी बघतो, टूल कोणतं बोलावलं, तारीख काय पाठवली. १७ बरोबर आले. उरलेल्या तिन्हींत 'परवा' आहे. गेलेला की येणारा, तिथंच गडी अडकतोय.