परगावची पहिली नेमणूक

महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मुख्य ठिकाणी तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय, ग्रामीण रुग्णालय, बँकांच्या दोन-चार शाखा, एखादे महाविद्यालय आणि एस.टी.चे स्थानक असते. या साऱ्या ठिकाणच्या दप्तरांत दरसाल कोठे तरी दूर वाढलेल्या, ऐन विशीतल्या तरुण-तरुणींची नावे ‘मध्यान्हपूर्व रुजू’ अशा शेऱ्यासह नव्याने दाखल होत असतात. निकाल लागला त्या दिवशी घरी पेढे वाटले गेलेले असतात, शेजाऱ्यांनी पाठ थोपटलेली असते. पण त्यानंतर जो हुकूम हाती पडतो, त्यावरील गाव नकाशात शोधावे लागते, तेथे नात्यातले कोणी नसते, आणि आईचा पहिला प्रश्न ‘तिथे जेवणाचे काय?’ हा असतो. नोकरी कशी मिळवावी हे शिकविणारे वर्ग आज गल्लोगल्ली आहेत. अनोळखी गावात जाऊन राहावे कसे, हे मात्र ज्याचे त्याने एकट्याने शिकायचे, असा आपला शिरस्ता आहे.

या स्थलांतराचे आजचे रूप गेल्या पाऊणशे वर्षांत घडत आले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि आडमार्गावरची गावे हळूहळू एका वेळापत्रकात येऊ लागली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या, तेव्हा शिक्षक, ग्रामसेवक, विस्तार अधिकारी अशा कितीतरी जागा तालुक्याच्या ठिकाणी व त्याच्या परिसरात निर्माण झाल्या. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर बाजारपेठांच्या लहान गावांत शाखा निघाल्या, आणि ग्रामीण शाखेत काही काळ काढल्याखेरीज अधिकाऱ्याला बढती नाही, अशी वहिवाट पडली. शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होणाऱ्या डॉक्टरांनाही एक वर्षाची सेवा बंधपत्रानुसार द्यावीच लागते. तेव्हा ‘नशिबी आलेले गाव’ असे ज्याला आपण म्हणतो, ते पुष्कळ अंशी राज्याने हेतुपूर्वक आखलेल्या रचनेतले एक ठिकाण असते, आणि शहरात मिळविलेले ज्ञान तालुक्यापर्यंत पोचावे हा तो हेतू मला सर्वस्वी योग्य वाटतो. मात्र या रचनेत माणूस पोचविण्याची तजवीज आहे; पोचल्यावर तो तेथे रुजावा याची जबाबदारी कोणत्याच खात्याकडे नाही.

पोचल्यानंतरची पहिली अडचण खोलीची. लहान गावात खोल्यांच्या जाहिराती फारशा निघत नाहीत. कचेरीतला शिपाई, समोरचा चहावाला, औषधाच्या दुकानाचा मालक यांच्या तोंडून ‘अमक्याच्या माडीवर एक खोली आहे’ असे कळते, आणि संध्याकाळी त्यांच्यापैकीच कोणी तरी आपल्याला तेथवर घेऊन जातो. मालक भाडे सांगतो, अनामत सांगतो, नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येते ते सांगतो, आणि मग विचारतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ जिल्ह्याचे नाव सांगून झाले की तालुका विचारला जातो, मग आडनाव, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर आणखी एक प्रश्न आडवळणाने येतो, ज्याचा खोलीच्या भाड्याशी काडीचा संबंध नसतो. पहिला प्रश्न बहुधा आस्थेचा असतो, शेवटचा क्वचितच. अविवाहित मुलीला याखेरीज परत येण्याची वेळ, भेटीस येणाऱ्यांची नावे आणि ‘लग्नाचं कुठं बघतायत का?’ यांचीही उत्तरे द्यावी लागतात, आणि नोकरदार स्त्रियांची वसतिगृहे बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच असल्यामुळे तिला या चौकशीतून सुटकाही नसते.

जातीच्या या चौकशीचे आपल्या इतिहासात एक असे उदाहरण आहे, की ते सांगताना आजही मान खाली जाते. १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले सव्वीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी त्या शहरात उतरले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून ते राहिले, आणि थोड्याच दिवसांत हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. उरलेला दिवस कामाठी बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. बडोदे हे लहान गाव नव्हते, आणि महाराज सयाजीरावांसारखा राजा त्यांच्या पाठीशी होता. तरीही एक खोली न मिळाल्याने एका असामान्य माणसाची ती नेमणूक काही दिवसांत संपुष्टात आली. कायदा पुढे बदलला, आणि कायदा बदलविणाऱ्यांत तेच अग्रभागी होते. पण माडीवरच्या खोलीसाठी होणारी चौकशी अजून पुरती बदललेली नाही, हे जे त्या चौकशीतून गेले आहेत त्यांना ठाऊक आहे.

जेवणाचा प्रश्न त्या मानाने लौकर सुटतो. एखादी खानावळ असते, महिन्याचा डबा देणाऱ्या कोणी मावशी असतात, आणि आठवड्याच्या आत जिभेला त्या मुलखाची ओळख होऊ लागते. खरी ओळख व्हावयाची ती आठवड्याच्या बाजारात. सकाळी भाजी किलोवर विकली जाते. दिवस कलू लागला की परतीच्या गाडीची वेळ गाठण्यासाठी भाजीवाल्या बायका उरलेल्या मालाचे वाटे लावतात. पोत्यावर चार-पाच वांग्यांचा एक ढीग, शेजारी मिरच्यांचा, त्यापलीकडे वरची पाने सुकू लागलेल्या मेथीच्या जुड्या. पैसे पोत्याच्या दुमडीखाली, आणि मोजणी बोटांवर. एकट्या माणसाला अख्खा वाटा नको असतो. तो अर्धा मागतो, बाई अर्धा देते आणि वर दोन मिरच्या टाकते. असे काही बाजार गेले, आणि मधला एक चुकला, की तीच बाई पुढच्या खेपेस विचारते, ‘मागल्या बाजारी दिसला नाहीत?’ ज्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही असे आपण धरून चाललो होतो, त्या गावात आपली अनुपस्थिती कोणाच्या तरी ध्यानात आली, हे त्या प्रश्नाने कळते.

माझा सारा मुद्दा या अनुपस्थितीभोवतीच फिरतो. तालुक्याच्या गावचे बसस्थानक शनिवारी दुपारनंतर पाहावे. पाठीवर पिशव्या अडकविलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातल्या परिचारिका, कनिष्ठ अभियंते जिल्ह्याच्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभे असतात. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने ते उतरतात आणि तसेच कामावर हजर होतात. पुष्कळजण तर रोजच ये-जा करतात. सरकारी नोकराने मुख्यालयी राहावे असा नियम आहे. रजेच्या अर्जात ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ असा एक रकाना असतो, आणि घरभाडे भत्त्याच्या निमित्ताने या नियमावरून अधूनमधून वादही पेटतात. हा नियम सरकारच्या सोयीचा म्हणून आपण त्याकडे पाहतो. घरी आजारी आईवडील असतील, लहान मूल असेल, तर त्याचा काच होतो हेही खरे. परंतु ज्याच्यावर असा भार नाही, त्या तरुण माणसाने निदान पहिल्या वर्षीचे बहुतेक रविवार नेमणुकीच्या गावातच काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण कामाच्या वारी गाव आपल्याला केवळ टेबलापलीकडून दिसते, आणि गावालाही आपण ‘बँकेतले साहेब’ किंवा ‘दवाखान्यातल्या मॅडम’ एवढेच दिसतो. लग्न, जत्रा, मयत, भजन, कुस्त्यांचा फड, वाचनालयाची वार्षिक सभा हे सारे सुटीच्या दिवशी आणि सूर्य मावळल्यावर घडत असते, नेमके जेव्हा नवखा माणूस गाडीत बसलेला असतो.

साने गुरुजींचे अमळनेर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ सालचा, कोकणातल्या पालगडचा. एम.ए. होण्याच्या सुमारास ते पूर्व खानदेशातल्या अमळनेरास प्रताप शेठजींनी स्थापिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आले, आणि १९२४ मध्ये तेथल्याच शाळेत शिक्षक झाले. भात आणि समुद्राच्या प्रदेशातला हा पंचविशीचा मनुष्य ज्वारी-बाजरीच्या, कापसाच्या आणि अहिराणी बोलीच्या मुलखात आला होता. स्वभावाने भिडस्त, एकटेपणाला अतिशय हळवा. केवळ वर्गावर शिकवून तो मोकळा झाला असता, तर एक चांगला शिक्षक काही वर्षे अमळनेरात होऊन गेला, यापलीकडे गावाच्या स्मरणात काही राहिले नसते. पण शाळेच्या छात्रालयाची देखरेख त्यांच्याकडे आली, म्हणजेच रात्र आणि सुटी आली. मुलांच्या खोल्या झाडणे, मळके कपडे धुऊन ठेवणे, दुखण्यात उशाशी बसणे, हे सारे ते करू लागले; मुलांसाठी रोज हस्तलिखित दैनिक काढीत आणि ते स्वतः लिहीत. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. शाळेतली सेवा अवघी सहा वर्षांची. तरी त्यांचे खानदेशाशी जडलेले नाते त्या राजीनाम्याने तुटले नाही. धुळ्याच्या कारागृहात १९३२ मध्ये विनोबांची गीता-प्रवचने त्यांनी टिपून घेतली, आणि १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी ते त्याच मुलखातून हिंडले.

गुरुजींचे उदाहरण वाचून कोणाला वाटेल, की यासाठी संतवृत्तीच हवी. तसे नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेले. नागपूरला वैद्यकीय शिक्षण झाल्यावर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. कोकण त्यांना परका. तेथे विंचू चावलेले रोगी येत, घामाने न्हालेले, हातपाय गार पडलेले, आणि थोड्या वेळात छातीत पाणी भरून काही दगावत. त्यावरचा परिणामकारक इलाज पाठ्यपुस्तकांत सापडत नव्हता. नव्या डॉक्टरने अशा वेळी हात टेकले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. बावस्करांनी रोग्याच्या खाटेशी बसून लक्षणे कोणत्या क्रमाने उमटतात त्याची नोंद ठेवली, निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळविले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या विषावर लागू पडते हे पुढे दाखवून दिले. पूर्वी गंभीर दंशांत शेकडा तीस ते चाळीस रोगी दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. शहरातील मोठ्या रुग्णालयांत तज्ज्ञ पुष्कळ होते, पण तांबडा विंचू बिरवाडीच्या शेतात होता, आणि दंशानंतरची निर्णायक रात्रही बिरवाडीतच उजाडत होती. त्या रात्री तेथे हजर असणारा डॉक्टरच हे पाहू शकत होता.

हे काही प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही, आणि यावे अशी अपेक्षाही नाही. पहिले काही महिने संध्याकाळी लांबलचक होतात. सहा वाजता कचेरी सुटते, सातला बाजारपेठ मंदावते, आणि खोलीवर परतल्यावर बोलण्यास कोणी नसते. दूरध्वनीवर जुन्या मित्रांशी तासन्‌तास बोलत राहिले की ते एकटेपण तेवढ्यापुरते हटते, पण गाव तेथेच राहते. त्यापेक्षा कोणाच्या तरी उपयोगी पडावे. दहावीच्या मुलाला गणित समजावून देणे, शेजारच्या आजोबांचा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून देणे, गणेशोत्सवाच्या हिशेबाची वही लिहिणे, अशी कामे लहान गावात नेहमीच कोणाची तरी वाट पाहत असतात, आणि ती मागितल्यावर कोणी नाकारीत नाही. लहान गाव माणसाकडे टक लावून पाहते ही तक्रार खोटी नाही. तुम्ही काल रात्री किती वाजता दिवा मालवला हे समोरच्या घरात ठाऊक असते. मात्र तापाने फणफणलेल्या भाडेकरूकडे मऊभात पोचविणारे घरही बहुधा तेच असते.

गावाचेही काही कर्तव्य आहे, आणि पूर्वीच्या काळी ते मानले जात होते. मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची झाली, म्हणजे बाहेरून येणाऱ्या उदमी-कारागिरांस कौल दिला जाई: इतकी वर्षे जकात माफ, घरासाठी इतकी जागा, आणि त्यांना आणून वसविण्याची जबाबदारी शेटे-महाजनांवर असे. परक्या माणसाची गावाला गरज आहे, आणि त्याला ठेवून घ्यायचे तर आधी आपण काही द्यावे लागते, हे त्या व्यवहारात गृहीत होते. आज तालुक्याच्या नगर परिषदेला फार मोठे काही करावयाचे नाही. भाड्याच्या खोल्यांची एक यादी कचेरीत ठेवावी, आणि जात विचारणाऱ्या मालकाचे नाव तीतून काढावे. दहा-बारा नोकरदार मुलींना राहता येईल एवढे वसतिगृह जुन्या धर्मशाळेच्या इमारतीतही उभे राहू शकते. गावातले जुने वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. आणि तेथे सभासद होण्यास जुन्या सभासदाची शिफारस लागत असेल, तर नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या अर्जावर ती सही ग्रंथपालाने स्वतः करावी.