घरात दुसरे पिल्लू आणताना

सेलूच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी मोती नावाचे सहा वर्षांचे पामेरियन कुत्रे आहे. त्यांच्या भावाकडच्या कुत्रीला पिल्ले झाली असून त्यातले एक त्यांना देऊ केले आहे. मुले हट्ट धरून बसली आहेत. यजमान म्हणतात, एकाचेच करता करता नाकी नऊ येतात. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. दुसरे पिल्लू आणल्याने घरातल्यांच्या आणि मोतीच्या तब्येतीला काही धोका आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

माणसांच्या डॉक्टरला कुत्र्याचे विचारले म्हणून कोणी हसू नये. ज्या ओसरीवर कुत्रे झोपते त्याच ओसरीवर आपली मुले अभ्यासाला बसतात. एकाचे आजारपण दुसऱ्यापर्यंत यायला फार अंतर लागत नाही.

पिल्लू आणायचे ठरले की सगळ्या घराचे लक्ष पिल्लाकडे जाते. त्याला काय खाऊ घालायचे, नाव काय ठेवायचे, यावर चर्चा होतात. खरी तयारी मात्र घरात आधीपासून असलेल्या कुत्र्यापासून सुरू करावी. मोतीला रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस शेवटची कधी टोचली, ते कार्ड काढून पाहावे. पुष्कळ घरांत लहानपणी एकदा इंजेक्शन दिलेले असते आणि तेवढ्यावर आयुष्यभर भागते असा समज असतो. तो चुकीचा आहे. आपल्याकडे ही लस दरवर्षी टोचून घ्यावी असाच सल्ला दिला जातो. पार्वो, डिस्टेंपर वगैरे रोगांची एकत्रित लसही पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर द्यावी लागते. लस टोचली की दुसऱ्या दिवशी संरक्षण मिळते असे नाही, शरीराला तयारीसाठी वेळ लागतो. म्हणून पिल्लू यायच्या निदान तीन-चार आठवडे आधी मोतीचे लसीकरण आणि जंताचे औषध पुरे झालेले असावे.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे फक्त गाई-म्हशी आणि बैलच पाहतात असे अनेकांना वाटते, पण तेथील चिकित्सालयात कुत्र्यांवरही उपचार होतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारणा करावी.

आता पिल्लाविषयी. आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे त्याहून लहान पिल्लू विकताच येत नाही. भावाकडून फुकट मिळत असले तरी वयाचा नियम तोच पाळावा. भावंडांशी खेळताना पिल्लू चावते, दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. दात किती जोरात लावायचे हे ते अशा खेळातून शिकते. लवकर तोडलेली पिल्ले पुढे हातापायांना जास्त चावतात.

पिल्लांना लस दोन-तीनदा का टोचतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. काहींना ती डॉक्टरांची कमाई वाटते. खरे कारण असे की आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगाशी लढणारी द्रव्ये मिळतात. ती जोवर रक्तात आहेत तोवर बाहेरून दिलेली लस ती निकामी करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून, दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचे होईपर्यंत लस पुन्हा देतात. मधला डोस चुकला तर पिल्लू उघडे पडते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात.

पिल्लू घरी आल्यावर पहिले चौदा दिवस ते मोतीपासून वेगळे ठेवावे. हे ऐकून मुलांची तोंडे पडतील, तरी ठेवावे. दिसायला गुबगुबीत पिल्लाच्या पोटातही पार्वोची लागण असू शकते. ती बहुधा आठवडाभरात, कधी दोन आठवड्यांत बाहेर पडते. खाणे सुटते, उलट्या होतात, घाण वासाची रक्ताची हगवण लागते आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचे जाते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये, त्याच दिवशी सलाइनची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे. या रोगाचे विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतात आणि नुसते फिनेल टाकून मरत नाहीत. जागा आधी साबणाने घासून मग ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्याशिवाय तिथे कुत्र्याला सोडू नये. गेल्या वर्षभरात घरातले एखादे कुत्रे पार्वोने गेले असेल, तर लसीकरण पूर्ण झाल्याशिवाय नवे पिल्लू आणूच नये.

वेगळी खोली नसेल तर ओसरीचा एक कोपरा फळ्या लावून बंद केला तरी चालतो. ताटली, पाण्याचे भांडे आणि पोते पिल्लाचे वेगळे असावे. आधी मोतीचे करावे, मग पिल्लाचे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मात्र एप्रिल-मे महिन्यात पिल्लाला पत्र्याच्या खोलीत कोंडू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती खोली भट्टीच होते आणि पामेरियनच्या अंगावर तर लोकरीचा कोट असतो.

या चौदा दिवसांत एक उपयोगाची गोष्ट करता येते. पिल्लाच्या अंगाखालचे फडके मोतीला हुंगायला देण्याची पद्धत आहे, पण पिल्लू ठणठणीत आहे अशी खात्री झाल्यावर, शेवटच्या दोन-तीन दिवसांतच ते करावे. समोरासमोर भेट घरात घालू नये. घर मोतीचे आहे, तिथे तो राखणच करणार. पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात, म्हणून जिथे गावची कुत्री येतात अशा मैदानावरही नेऊ नये. शेजाऱ्यांचे स्वच्छ अंगण किंवा गच्ची चालेल. वेळ संध्याकाळची असावी. दोघांनी दोन पट्टे धरावेत आणि पट्टा ढिला ठेवावा. ताणलेला पट्टा कुत्र्याला चिडवतो. पहिली भेट पाच मिनिटांत आटोपावी.

मोती गुरगुरला तर त्याला मारू नये. गुरगुरणे म्हणजे त्याची नोटीस आहे. मार खाऊन कुत्रे गुरगुरणे सोडते आणि पुढच्या वेळी नोटीस न देता चावते. खाणे दोघांना दोन वेगळ्या जागी, एकमेकांना दिसणार नाही असे द्यावे. बहुतेक भांडणे ताटली, झोपायची जागा आणि मालकिणीची मांडी या तीन गोष्टींवरून होतात. थकल्यावर मोतीला निवांत बसता येईल अशी, पिल्लाला चढता येणार नाही एवढ्या उंचीची एक जागा ठेवावी. सहा वर्षांच्या कुत्र्याला दिवसभर शेपटी ओढणारे पिल्लू सोसवत नाही.

आणि दोघांची जुंपलीच, तर मध्ये हात घालू नये. छोट्या कुत्र्यांचे काय ते भांडण, असे म्हणून बायका आणि मुले हात घालतात आणि आपल्याच लाडक्या कुत्र्याचा चावा घेऊन दवाखान्यात येतात. पाणी ओतावे, चादर टाकावी, पाट मध्ये सारावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरच्या कुत्र्याने, आणि त्यातही पिल्लाने चावले तर काही होत नाही, ही समजूत जिवावर बेतते. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. पिल्लाचे दात सुईसारखे असतात. जखम टिचभर, रक्ताचा एखादा थेंब, म्हणून आई हळद लावते आणि विसरून जाते. हा रोग कुत्र्याच्या अंगात आठवडे, कधी महिने दडून राहतो. त्यामुळे वर सांगितलेल्या चौदा दिवसांत पार्वो कळेल, रेबीज कळेलच असे नाही. एकदा माणसात लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळपास नेहमीच प्राण घेतो. आणि वेळेवर उपचार केले तर तो पूर्णपणे टाळता येतो.

चावा असो की दाताचा ओरखडा, जखम ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ पाहून पंधरा मिनिटे धुवावी. हा उपचारच आहे, नुसती स्वच्छता नव्हे. मिरची, चुना, तेल काहीही लावू नये. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तिथे लस मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून जुन्या लोकांच्या मनात आहे, पण ती लस आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारासच बंद झाली. आता दंडाच्या कातडीत पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या हिशेबाने सुया देतात. (पहिली सुई ज्या दिवशी घेतली तो दिवस शून्य धरतात, कार्डावर तारखा लिहून घ्याव्यात.) दंडाच्या स्नायूत देण्याची पद्धत असेल तर पाच सुया होतात. जखमेतून रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटले असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. लस आपले काम सुरू करीपर्यंत तेच राखण करते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण तोवर सुई थांबवू नये. सुया कमी करायच्या का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. मुलांना एकच गोष्ट बजावून ठेवावी : दात लागला की सांगायचे, कोणी रागावणार नाही. रागावण्याच्या भीतीने मुले लपवतात.

जंतांचेही थोडे सांगतो. पिल्लांच्या पोटात बहुधा जन्मापासूनच जंत असतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून, तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला औषध देतात. विष्ठेतून पडणारी गोल जंतांची अंडी त्याच दिवशी बाधक नसतात, मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर होतात. तेव्हा अंगणातली घाण रोज उचलली की निम्मे काम झाले. मुलांनी अंगणात चपला घालाव्यात, कारण अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात.

गोचिडांचे औषध दोघांना एकाच दिवशी करावे, नाहीतर ती एकावरून दुसऱ्यावर फिरत राहतात. शेतीवाल्या घरांत बैलासाठी आणलेले गोचिडांचे औषध अंदाजाने कुत्र्यालाही लावतात. चार-पाच किलोच्या जिवाला ते विष होऊ शकते. पशुवैद्यकांना वजन सांगून औषध घ्यावे.

मोती नर आहे. पिल्लू मादी असेल तर सहा महिन्यांनंतर ती केव्हाही माजावर येईल आणि त्रेसष्ट दिवसांनी घरात आणखी पिल्ले होतील. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार आताच करून ठेवावा. दोन्ही माद्या असतील तर त्यांची भांडणे अनेकदा जास्त चिघळतात, हेही लक्षात असू द्यावे.

राहिला सासूबाईंचा दमा. लोकांना वाटते, त्रास केसांचा असतो, म्हणून केस कापले की झाले. त्रास केसांपेक्षा कातडीचा कोंडा आणि वाळलेली लाळ यांचा असतो. तो छोट्या कुत्र्याचाही होतो आणि दोन कुत्री म्हणजे तो वाढणारच. मोती आल्यापासून त्यांचा पंप जास्त वेळा लागू लागला आहे का, रात्री उठून बसावे लागते का, हे ताईंनी आधी सासूबाईंनाच विचारावे. उत्तर हो असेल, तर पिल्लू भावाकडेच राहू द्यावे आणि मोतीलाही त्यांच्या खोलीत झोपू देऊ नये. तसे नसेल, तर छातीच्या डॉक्टरांना एकदा विचारून, मोतीची लस टोचून घेऊन, महिन्याभराने पिल्लू आणायला हरकत नाही.