स्वहस्ते केलेले पादत्राण
चामड्याचा बूट स्वतःच्या हाताने करण्याचा छंद नागपूरकरांना परका वाटला, तरी हौशी चर्मकामाची परंपरा शेजारच्या वर्ध्यातच आढळते. पेशाने वकील असलेले गांधीजी दक्षिण आफ्रिकेत हर्मन कॅलनबाख या वास्तुविशारद मित्राकडून चपला करण्यास शिकले आणि तुरुंगात केलेला एक जोड त्यांनी १९१४ साली तेथील सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना भेट दिला. पुढे त्यांच्याच विचारांना धरून वर्ध्याजवळील नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले, जेथे मेलेल्या गुरांचेच कातडे कमावले जाई. कमावणे म्हणजे कच्चे कातडे बाभळीची साल, हिरडा अशा तुरट द्रव्यांत मुरवून न कुजणारे करणे.

अशा रीतीने कमावलेले चामडे ओलेपणी वळते व वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते, म्हणूनच रापीने कापलेला बुटाचा वरचा भाग भिजवून कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, ताणून बसवता येतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तो सावलीतच वाळवावा, कारण उन्हात झटपट वाळलेले चामडे कडक होऊन तडकते. शिवणीला तर घाई मुळीच खपत नाही: मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून त्या समोरासमोरच्या बाजूंनी काढल्या जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे सहसा उसवत नाहीत. कलबूत व टाच यांची कटकट नसल्याने नवशिक्याने आधी चपलेलाच हात घालावा, हे उत्तम.