लाल बावटा कुणी लावायचा?

पावसाळ्यात पार्ल्याहून जुहूच्या चौपाटीवर गेलात, की वाळूत रोवलेला लाल बावटा दिसतो. समुद्र खवळला की जीवरक्षक तो लावतात. 'आत्ता पाण्यात जाऊ नका,' एवढंच त्याला सांगायचं असतं. समुद्र वाईट आहे, असं काही तो म्हणत नाही. लाटा शांत झाल्या की बावटा निघतो आणि पुन्हा भेळ, वाळूचे किल्ले, सगळं सुरू होतं.

आता एक अवघड प्रश्न. समजा, समुद्राऐवजी एखादा माणूसच खवळला आहे. तो घरच्यांना धमक्या देतोय, आणि त्याच्या कपाटात परवान्याची बंदूक आहे. त्याच्यासाठी असा लाल बावटा लावता येईल का? लावायचा तर कुणी? आणि बावटा लावणाऱ्याचीच चूक झाली तर?

अमेरिकेत या प्रश्नावर गेली कित्येक वर्षं कडाक्याचं भांडण चालू आहे. तिथे अशा कायद्यांना लाल बावट्याचे कायदेच म्हणतात. 'अमेरिकेचं काय ते अमेरिका बघेल,' असं म्हणू नका. हाच वाद आपल्याकडेही झाला आहे, आणि तो थेट आपली राज्यघटना लिहिली जात असताना!

बँकेच्या दारातली बंदूक

तुम्ही खरी बंदूक कुठे पाहिली आहे? पोलीस आणि विमानतळावरचे जवान सोडा. बहुतेक मुलं सांगतील, बँकेच्या दारात! स्टुलावर बसलेले रखवालदार काका आणि त्यांच्या हातातली ती लांब दुनळी बंदूक.

ती बंदूक दुकानातून छत्री आणावी तशी आणता येत नाही. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. बंदूक बाळगायची तर परवाना लागतो, आणि मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. (नेमबाजीचा सराव करणाऱ्या मुलांसाठी नियमांत वेगळी सोय आहे.) पोलीस चौकशी करून अहवाल देतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांचा दाखला लागतो आणि बंदूक सुरक्षितपणे कशी हाताळायची याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

याच कायद्यातलं १७ वं कलम म्हणजे आपला लाल बावटा. परवाना दिल्यानंतरही, परवानाधारकाची मानसिक स्थिती शस्त्र बाळगण्याजोगी राहिलेली नाही किंवा सार्वजनिक शांततेला धोका आहे, असं वाटलं तर अधिकारी परवाना स्थगित करू शकतात, रद्दही करू शकतात. मात्र त्याची कारणं त्यांना लेखी नोंदवावी लागतात आणि त्या माणसाला वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

निवडणूक आली की हा बावटा आणखी स्पष्ट दिसतो. निवडणूक आयोगाच्या सूचनेवरून परवान्यांची छाननी होते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांना आपली शस्त्रं जमा करायला सांगतात. निवडणूक संपली की ती परत मिळतात. अगदी जुहूच्या बावट्यासारखंच!

बाबासाहेबांचा उलट सवाल

आता थोडं मागे जाऊ. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा केला आणि सर्वसाधारण भारतीयांच्या हातातली शस्त्रं काढून घेतली. गोऱ्यांना मात्र सवलत होती. साहजिकच आपल्या लोकांना त्याची चीड होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, तेव्हा नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही त्यात घातला.

मग स्वातंत्र्य मिळालं. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती. हरी विष्णू कामत या सदस्यांनी दुरुस्ती सुचवली, की शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत असावा. कराचीत जे कबूल केलं ते आता द्यायला नको का, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा पटण्यासारखा होता की नाही?

उत्तर द्यायला उभे राहिले मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : ती मागणी परक्या राज्यातली होती, आता परिस्थिती बदलली आहे. शिवाय हा हक्क सरसकट प्रत्येकाला द्यायचा का? लहान मुलामुलींना? सराईत गुन्हेगारांना? सभेने कामतांची दुरुस्ती नामंजूर केली.

म्हणून आज आपल्या घटनेच्या १९ व्या कलमात शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. 'विनाशस्त्र' हा एक शब्द किती मोठं काम करतो बघा. आपल्याकडे बंदूक ही परवानगीची गोष्ट झाली.

तिकडे काय घडलं?

अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथल्या घटनेतच १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. त्यामुळे कुणाची बंदूक काढून घ्यायची म्हणजे त्याच्या हक्काला हात लावायचा.

कनेक्टिकट राज्याने १९९९ मध्ये लाल बावट्याचा पहिला कायदा केला. आज वीसहून जास्त राज्यांत असे कायदे आहेत. त्यांची रीत साधारण अशी : पोलीस, आणि बऱ्याच राज्यांत घरची माणसंही, न्यायालयात अर्ज करतात. न्यायाधीशांना धोका पटला तर बंदूक काही काळापुरती काढून घेतात. मग सुनावणी होते आणि त्या माणसाला आपली बाजू मांडता येते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँड इथे एका माजी विद्यार्थ्याने शाळेत गोळीबार केला. १७ जण गेले. मन सुन्न करणारी गोष्ट पुढेच आहे. त्याच्याबद्दल महिनाभर आधी एकाने फोन करून एफबीआय या तपास यंत्रणेला सावध केलं होतं, पण ती माहिती योग्य ठिकाणी पोचलीच नाही. हे त्या यंत्रणेने स्वतः कबूल केलं. म्हणजे बावटा कुणीतरी दाखवला होता, पण बघणाऱ्यांनी तो पाहिला नाही. महिन्याभरात फ्लोरिडाने लाल बावट्याचा कायदा केला.

मे २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर जूनमध्ये देशाच्या संसदेने एक कायदा मंजूर केला. राज्यांना लाल बावट्याचे कायदे राबवायला पैसा देण्याची तरतूद त्यात होती. सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ आणि दुसऱ्या सभागृहात २३४ विरुद्ध १९३ अशी मतं पडली. सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या १५ जणांनी आपल्या पक्षातल्या बहुसंख्य सदस्यांच्या विरुद्ध मत दिलं. कुणी काय मत दिलं, हे नावानिशी नोंदलेलं आहे.

आपल्या संसदेनेही डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा दुरुस्त केला. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. विधेयकात 'एकच' असं होतं. त्यावर आक्षेप आले, आणि शेवटी आकडा दोनवर ठरला. लग्नाच्या वरातीत हौसेने गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्यसभेत हे विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. आवाजी मतदान म्हणजे बाजूचे 'होय' म्हणतात, विरुद्धचे 'नाही' म्हणतात, आणि आवाजावरून निकाल ठरतो. कुणाचं मत काय, हे नावानिशी नोंदायचं तर सदस्यांना मतविभाजन मागावं लागतं. वर्गात मॉनिटर निवडताना तुम्ही कुठली रीत वापरता?

दोन्ही बाजू ऐका

बावट्याच्या बाजूचे म्हणतात : संतापाचा झटका ओसरतो, पण सुटलेली गोळी परत येत नाही. थोडे दिवस बंदूक दूर राहिली तर दोन्हीकडचे जीव वाचतील, समोरच्याचाही आणि त्या माणसाचा स्वतःचाही.

विरुद्ध बाजूचे म्हणतात : गुन्हा घडण्याआधीच शिक्षा कशी? एखाद्याने भावकीच्या भांडणातून खोटी तक्रार केली तर? आणि मनाच्या आजाराची भीती घालून माणसांना डाग लावाल, तर ती डॉक्टरकडेच जाणार नाहीत.

ही शेवटची शंका फार मोलाची आहे. मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं कुणालाही इजा करत नाहीत. म्हणून बावटा आजाराकडे बघून नव्हे, तर वागण्याकडे बघून लावायला हवा : धमक्या, मारहाण, 'बघून घेईन'ची भाषा.

नुसत्या परवान्याने सगळं भागतं, असंही नाही. ८ फेब्रुवारी २०२४ ला आपल्याच उपनगरात, बोरिवली-दहिसर भागात, एका माजी नगरसेवकांची गोळ्या घालून हत्या झाली. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे ते पिस्तूल मारेकऱ्याचं नव्हतं. त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा! म्हणजे परवाना देताना कागद तपासून पुरत नाही. शस्त्र कुलपात राहतं का, हेही बघावं लागतं.

चहाडी की सावधगिरी?

आता तुमच्या कामाची गोष्ट. वर्गात एखादा मित्र गप्प गप्प झालाय. 'मी कुणाला तरी मारून टाकणार' किंवा 'मला जगायचंच नाही' असं म्हणतोय. वर बजावतोय, 'कुणाला सांगितलंस तर कट्टी!' काय कराल?

गृहपाठ केला नाही म्हणून बाईंना नाव सांगणं ही चहाडी. पण जीव जाण्याची भीती असताना मोठ्यांना सांगणं ही मैत्री. आई-बाबा, बाई, सर, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना त्याच दिवशी सांगा. एकाने हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याला सांगा. पार्कलँडची गोष्ट आठवा : बावटा एकदाच दाखवून थांबू नका.

आणि आई-बाबा, ही ओळ तुमच्यासाठी. मुलगा किंवा मुलगी असं काही सांगत आली, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. 'तुला काय करायचंय' हे वाक्य तेवढं गिळून टाका.

रविवारी जेवणानंतर घरातच एक घटना समिती भरवा. एकाने कामत व्हावं, एकाने बाबासाहेब. प्रत्येकाला पाच मिनिटं. मग मतदान घ्या, पण आवाजी नको. ज्याचं त्याने मत नावासकट वहीत लिहावं, आणि पुढे कारणही.