सागराचे आकाशातून दर्शन

आजऱ्याहून समुद्र दिसत नाही. पश्चिमेस सह्याद्री आडवा उभा आहे. तरीही आजऱ्याच्या भातशेतीवर बरसणारा पावसाळी मेघ अरबी समुद्रावरूनच येतो, आणि तेथील हिरण्यकेशीचे पाणी घटप्रभा व कृष्णा या नद्यांतून बंगालच्या उपसागरास मिळते. समुद्र दूर असला, तरी परका नाही.

या समुद्राचे निरीक्षण आता आकाशातूनही होते. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी भारताने श्रीहरिकोटा येथून ‘ओशनसॅट-३’ हा उपग्रह सोडला. त्यावरील एक यंत्र पाण्याचा रंग टिपते. जेथे तळाकडील सकस पाणी वर येते, तेथे सूक्ष्म वनस्पती वाढतात, पाणी हिरवट होते आणि अन्नाच्या शोधात मासे जमतात. दुसरे यंत्र समुद्रावर रेडिओलहरी सोडते व परतणाऱ्या लहरींवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा सांगते.

परंतु उपग्रह धाडतो ते केवळ आकडे. त्यांचा अर्थ माणसानेच लावावयाचा असतो. ढग आड आले, की पाण्याचा रंग दिसत नाही. हे ज्यास उमजत नाही, त्याचा अंदाज चुकतो आणि कोळ्यांचे इंधन व श्रम व्यर्थ जातात. म्हणूनच हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र कोळ्यांना मासळीच्या जागा कळविते, तसेच ही माहिती कशी शोधावी, पारखावी व वापरावी, याचे शिक्षणही देते. हे शिक्षण इंटरनेटवरूनही मिळते. त्यामुळे आजऱ्याचा विद्यार्थी मोठेपणी घरी बसूनही सागराचा अभ्यासक होऊ शकेल. त्यासाठी समुद्रकाठी जन्म नको; जिज्ञासा आणि चिकाटी मात्र हवी.